इमारतीवरच्या पाटीला कोनशिला म्हणू नका

प्रश्न आलाय की जुन्या इमारतीवर 'अमुक इथे राहत होते' असं सांगणारी जी पाटी असते तिला कोनशिला म्हणायचं का. मुंबईत बरेच जण सर्रास म्हणतात, पण चूक आहे ते.

कोनशिला म्हणजे बांधकाम सुरू करताना बसवतात तो दगड. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला आधी बसवली आणि उद्घाटन झालं थेट बऱ्याच वर्षांनी, डिसेंबर १९२४ ला, म्हणजे ती वास्तूची जन्मखूण. माणसाची आठवण म्हणून लावतात तो स्मृतिफलक, मग तो दगडी असो, संगमरवरी असो की पितळी.

मुंबईतल्या जेजे कला महाविद्यालयाच्या आवारात बघा, इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ मधे इथे जन्मला असा फलक आहे पण आत्ता उभा आहे तो बंगला त्याच्या जन्मानंतर बांधलेला, मग त्या फलकाला कोनशिला म्हटलं तर बंगल्याचंच साल १८६५ ठरेल की!

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र हायकोर्टातला. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ज्या सेंट्रल कोर्टात झाली त्याच्याच बाहेर त्यांचे शब्द कोरून ठेवलेत, ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोषच आहे आणि माणसांचं नि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत असं सांगणारे. शिक्षा देणाऱ्या कोर्टानेच ते आपल्या भिंतीवर लावले, १९५६ मधे मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याचं अनावरण केलं. वाचताना दरवेळी भरून येतं. आणि हो, अनावरणच, फलकाचं उद्घाटन नसतं, आवरण काढतात म्हणून अनावरण.

आता लिहिण्याचं. एकटा शब्द 'स्मृती' दीर्घ, पण समासात ऱ्हस्व, म्हणून स्मृतिफलक, जसं स्मृतिदिन. फलक पुल्लिंगी, 'ते फलक लावलं' नाही तर 'तो फलक लावला'.

बोलताना नुसतं पाटी म्हटलं तरी काही बिघडत नाही. लंडनला हौली प्लेसमधे टिळक १९१८-१९ ला ज्या घरात राहिले त्यावर निळी गोल पाटी आहे, तिला कुणी 'नीलफलक' म्हणायला लागलं तर मला तो शब्द ओढूनताणून केलेला वाटतो, निळी पाटी म्हटलं की ती डोळ्यांसमोर येतेच.