फॅमिली डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर आईची शुगर दाखवली तर चालेल का?

आई कोपरखैरण्यात एकटी, टाइप २ मधुमेहाच्या गोळ्या चालू, डॉक्टर ठाण्यात नौपाड्याला आणि दर महिन्याला सुट्टी काढून नेणं जमत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर भागेल का असं तुम्ही विचारलंय. बरंचसं भागतं. माझ्या सासूबाई ऐरोलीत आमच्याकडे असतात, त्यांचे डॉक्टरही ठाण्यातलेच. अंतर फार नाही, पण ठाणे स्टेशनचे जिने त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. करोनापासून त्यांचं निम्मंअधिक काम फोनवरच होतं. मी डॉक्टर नाही, शुगरची वही सांभाळणारी सून आहे.

खरं काम ती वहीच करते. कॉल असतो पाच-सात मिनिटांचा, आणि आपली माणसं "बरं आहे" म्हणून मोकळी होतात. म्हणून तारीख, उपाशीपोटीचा आकडा, जेवून दोन तासांनंतरचा आकडा, बीपी आणि काय खाल्लं ते लिहायचं. आदल्या रात्री पानाचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा. आकडा अचानक २८० आला तर हात धुऊन, पुसून परत बघा. आंबा कापलेल्या बोटांवरचा गोडवाही मशीन मोजतं.

आमच्या वहीत एरवी सगळं ठीक आणि मधूनच दुपारी ७० च्या खाली, असं दिसत होतं. डॉक्टरांनी तारखा बघून विचारलं, "उपवास असतो का?" संकष्टी! चंद्रोदयापर्यंत पोटात जेमतेम काही, आणि सकाळची ग्लिमेपिराइड मात्र नेमाने घेतलेली. ही गोळी पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढते. डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला. तुमच्या आई उपवास करत असतील तर हे आधी विचारून घ्या, मनाने गोळी वगळू नका. घाम, थरथर, ७० च्या खाली आकडा असं झालं तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. साखर उपवासाला चालते, हे सासूबाईंना दोनदा सांगावं लागलं.

तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, त्यासाठी लॅबवाले घरी येऊन रक्त नेतात. साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, स्थिरावली की सहा महिन्यांनी. पाय आणि डोळे मात्र फोनवर होत नाहीत. तळव्याची संवेदना डॉक्टर हाताने तपासतात आणि डोळ्यांत थेंब घालून पडदा बघावा लागतो. नीट दिसतंय म्हणून पडदा चांगला आहे असं नसतं. हे दोन्ही, शिवाय किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, वर्षातून एकदा करायचंच.

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक सूचनांनुसार, त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी प्रत्यक्ष दाखवून सहा महिने झाले नसतील तर पुढचा सल्ला फॉलो-अप, म्हणजे जुन्याच उपचाराचा पुढचा भाग, धरला जातो. म्हणून आम्ही सहा महिन्यांत एकदा रिक्षा करून जातोच. सही आणि नोंदणी क्रमांक असलेल्या चिठ्ठीचा फोटो आमच्या केमिस्टला चालतो.

दरवेळी नवा डॉक्टर देणाऱ्या ॲपपेक्षा तुमचे जुने डॉक्टर बरे, असं माझं मत. सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा फुकट आहे, अडीनडीला चांगली, पण तिथे तेच डॉक्टर मिळतील याची खात्री नाही. छातीत दुखणं, धाप, थांबत नसलेल्या उलट्या, गुंगी, पायाची काळी पडलेली जखम यांपैकी काही असेल तर कॉलची वाट बघू नका, १०८ लावा किंवा सरळ वाशीचं महापालिका रुग्णालय गाठा.

कॉलला तुम्ही ऑफिसातून जोडले गेलात तरी सुरुवातीला आईंनाच बोलू द्या. रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं, हे सासूबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, मला कधीच नाही. आणि फोनवरची फी किती ते आधीच विचारून ठेवा, बरेच डॉक्टर संकोचाने सांगत नाहीत.