एकाच कुकरमध्ये खिमा-पास्ता: खिमा वातड आणि पास्ता लगदा का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरण्यात राहता, घरात दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं. परदेशी व्हिडिओ पाहून एकाच भांड्यात बीफ-पास्ता केला, पण खिमा वातड राहिला, पास्त्याचा लगदा झाला आणि बुडाला करपलं. कमी खर्चात हे नीट कसं जमवायचं?

तुमच्या हाताचा दोष नाही. ती कृती आपल्याकडच्या मांसासाठी लिहिलेलीच नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मुंब्रा-कौशाला किंवा राबोडीत 'बड्याचं' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं असतं. परदेशातला बीफचा खिमा कोवळ्या, चरबीदार जनावराचा. तो सात-आठ मिनिटं परतला, वर पास्ता आणि पाणी घालून आणखी बारा मिनिटं ठेवला की मऊ होतो. म्हशीचं मांस गडद लाल, कमी चरबीचं आणि बहुतेकदा वयस्क जनावराचं. त्यातले चिवट धागे सुटायला सलग मंद उष्णता लागते. तो खिमा पास्त्याबरोबर शिजवायला गेलात तर खिमा होईपर्यंत पास्ता मरतो, आणि पास्ता जपलात तर खिमा चघळत बसावं लागतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे: भांडं एक ठेवा, पण वेळा दोन ठेवा. खिमा आधी पूर्ण शिजवायचा, अगदी तसाच पावाबरोबर खाता येईल इतका. पास्ता त्यानंतर.

भांडं म्हणून पाच लिटरचा जाड बुडाचा कुकर घ्या. स्टीलचा असेल तर उत्तम, कारण यात टोमॅटो बराच आहे आणि ॲल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ रात्रभर ठेवू नये. ॲल्युमिनियमचाच असेल तर शिजवायला हरकत नाही, उरलेलं मात्र लगेच काढून ठेवा.

आता खाटकाकडे काय मागायचं ते. पाव किलो खिमा चौघांना पुरतो, कसा ते पुढे सांगते. आधीच काढून ठेवलेला खिमा घेऊ नका. खांद्याचा किंवा मानेचा तुकडा दाखवायला सांगा, तो धुऊन घ्या आणि समोर मशीनमधून एकदाच काढून घ्या. दोनदा काढलेला खिमा कबाबाला चांगला, इथे त्याची पेस्ट होते. तुकडा अगदी लाल असेल तर त्यात तीस-चाळीस ग्रॅम चरबी टाकायला सांगा, नाहीतर खिमा कितीही शिजवला तरी कोरडा लागतो. घरी आणल्यावर खिमा नळाखाली धरून धुण्याची सवय अनेकांना असते. त्याने रस तर जातोच, पण खिमा पाणी धरून बसतो आणि परतताना भाजण्याऐवजी उकडतो. तुकडाच धुऊन आणला असेल तर पुन्हा धुवायची गरज नाही. धुवायचाच असेल तर बारीक गाळणीत धुवा आणि मुठीत दाबून पाणी काढा. फ्रिजमध्ये कच्चा खिमा एक दिवस, फार तर दोन. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर फ्रीझरमध्ये टाका.

खर्च वाचतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे बड्याचा खिमा बकऱ्याच्या मटणाच्या निम्म्याहून कमी भावात येतो. दुसरं, अख्खा मसूर. अर्धी वाटी, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम मसूर अर्धा तास भिजवून खिम्याबरोबरच कुकरला लावला की पाव किलो खिमा डोळ्यांना अर्धा किलो दिसतो. शिजलेल्या मसुराचा रंग खिम्यासारखाच असतो, थोडे दाणे फुटून रस्सा दाट होतो, आणि डाळ बघून नाक मुरडणाऱ्या मुलांच्याही ते लक्षात येत नाही. पुष्कळजण सोयाबीनचा चुरा घालतात. तो स्वस्त आहे, पण गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळला नाही तर त्याचा वास सगळ्या पातेल्याला लागतो. मला मसूरच पसंत आहे.

पास्ता ३०० ग्रॅम. इथे मात्र सगळ्यात स्वस्त पाकीट उचलू नका. पाकिटाच्या मागे 'ड्युरम गव्हाचा रवा' असं लिहिलेलं बघा. ड्युरम म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातीचा कडक गहू, ज्याच्या रव्याच्या शेवया मोकळ्या होतात. साध्या रव्याचा किंवा मैद्याचा पास्ता भरपूर पिठूळ पाणी सोडतो आणि दोन मिनिटांत हातचा जातो. वेगळ्या पातेल्यात उकळून गाळणार असाल तर तो एक वेळ चालेल. इथे पाणी गाळायचंच नाही, सगळा पिठूळपणा भांड्यातच राहणार. आकार छोटा घ्या: मॅकरोनी, फ्युसिली किंवा पेने. स्पॅगेटी कुकरमध्ये गुंता करते.

बाकी सामान: दोन मध्यम कांदे बारीक चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, ४०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो किसून, एक गाजर किसून, दोन मोठे चमचे तेल, एक तमालपत्र, अर्धा चमचा भरडलेली बडीशेप, एक चमचा काश्मिरी तिखट, अर्धा चमचा मिरपूड, पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या दोन पुड्या आणि चीजचे २५ ग्रॅमचे दोन क्यूब. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा हातावर चोळून घाला. वास त्याच घरातला आहे, पण चिमटीच्या वर गेलात तर भजी आठवतील. गरम मसाला घालू नका. तो घातला की खिमा-पावाची चव येते, आणि तिच्यापुढे टोमॅटो आणि चीज दोन्ही हरतात. टोमॅटो महाग असतील त्या दिवसांत २०० ग्रॅमचं प्युरीचं पाकीट चालतं. मात्र ती आटवलेली असते, तेव्हा पुढे सांगितलेल्या पाण्यात दीडशे मिलि वाढवा.

कुकर रिकामाच चांगला तापवा, मग तेल घाला. खिमा पसरून टाका आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. सगळ्यात जास्त घाई इथेच होते. टाकल्याबरोबर ढवळायला लागलं की खिमा पाणी सोडतो, त्या पाण्यात करडा पडतो आणि त्याला चव अशी येतच नाही. आधी फसफस असा ओला आवाज येईल. पाणी आटलं की तो आवाज बदलून बारीक तडतड सुरू होते आणि कडेला तेल दिसायला लागतं. तेव्हा उलथण्याने खालून उचला. एक बाजू तपकिरी झालेली दिसली पाहिजे. आता गुठळ्या फोडा, कांदा घाला आणि कांद्याला सुटणाऱ्या ओलाव्यात बुडाला चिकटलेली खरवड खरवडून घ्या. पदार्थाची अर्धी चव त्या खरवडीत असते. ती तशीच ठेवली तर पुढे पास्ता टाकल्यावर तिथूनच करपायला सुरुवात होते.

कांदा गुलाबी झाला की लसूण, गाजर, तमालपत्र, बडीशेप, तिखट, भिजवलेला मसूर, एक सपाट चमचा मीठ आणि २५० मिलि गरम पाणी घाला. टोमॅटो अजून नाही. आंबटात मसूर आणि गाजर शिजायला वेळ लावतात, आणि टोमॅटो कुकरच्या बुडाला लागतोही. झाकण लावा. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच अगदी बारीक करून दहा मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळी होते, बारीक आचेवर तर होतही नाही. वाफ आपोआप जिरू द्या. उघडल्यावर खिम्याचा एक दाणा बोटांत दाबा. चिरडला तर झाला. घसरून निसटला तर थोडं पाणी घालून आणखी पाच मिनिटं.

आता टोमॅटो घालून उघड्यावरच मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता. कच्चा वास गेला पाहिजे आणि कडेला तेल सुटलं पाहिजे. टोमॅटो फार आंबट असेल तर अर्धा चमचा साखर.

यापुढे झाकणाला शिट्टी नाही. पास्ता प्रेशरमध्ये शिजवण्याच्या कृती दिसतात, पण पिठूळ फेस वर येऊन शिट्टीच्या नळीत अडकतो, आणि एक मिनिट चुकलं तरी उघडून बघायची सोय नसते. ६०० मिलि उकळतं पाणी घाला, अर्धा सपाट चमचा मीठ आणि मिरपूड घाला. रस्सा खळखळ उकळायला लागला की मगच पास्ता टाका. पाणी कोमट असताना टाकला तर वेळेचा अंदाज चुकतो. मिठाचं एक लक्षात ठेवा: गाळायच्या पाण्यात जसं सढळ हाताने मीठ टाकतो तसं इथे टाकलं तर ते सगळं पोटात जाईल. वरून चीजही खारट आहे.

टाकल्यावर पहिली दोन मिनिटं सतत ढवळा. पास्ता एकमेकांना चिकटतो तो याच दोन मिनिटांत, नंतर नाही. मग आच कमी करा, साधं ताट झाकण म्हणून ठेवा आणि दर दोन मिनिटांनी सपाट उलथणं बुडापर्यंत नेऊन खरवडल्यासारखं फिरवा. कुकरचं बूड पातळ असेल तर खाली जुना तवा ठेवा. पीठ खाली बसतं आणि लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. जवळ २०० मिलि गरम पाणी तयार असू द्या, आणि रस्सा दाट होऊन पास्ता उघडा पडला तर त्यातलं थोडं थोडं घाला. थंड पाणी घातलं तर उकळी मोडते आणि पास्ता पुन्हा फुगत बसतो.

पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर इथे बारा-तेरा लागतील, कारण दाट आंबट रश्शात पास्ता साध्या पाण्यापेक्षा सावकाश शिजतो. दहाव्या मिनिटापासून एकेक काढून चावून बघा. मध्ये पांढरा बारीक ठिपका दिसत असतानाच गॅस बंद करायचा. त्या क्षणी रस्सा तुम्हाला पातळ वाटेल आणि आणखी आटवायचा मोह होईल. आटवू नका. पळीत घेऊन ओतला तर रस्सा संथ ओघळला पाहिजे. झाकून पाच मिनिटं ठेवलं की उरलेलं पाणी पास्ता पितो. गॅसवरच घट्ट झालेला पास्ता ताटात येईपर्यंत लगदा होतो, आणि तुमचं बहुधा इथेच बिनसलं असावं.

गॅस बंद केल्यावर ओरेगॅनो आणि किसलेलं चीज मिसळा. प्रोसेस्ड चीज इथे मोझरेलापेक्षा बरं, ते रश्शात एकजीव होतं, तारा काढत नाही आणि फाटत नाही. दूध घालू नका, टोमॅटोच्या आंबटात ते हमखास फाटतं. मऊपणा हवा असेल तर दोन चमचे साय फेटून, गॅस बंद असताना घाला.

वाढताना गरमच वाढा. म्हशीची चरबी पांढरी असते आणि जेवण निवलं की लगेच थिजते, मग ओठांना मेणासारखी लागते. एसीत बसून जेवणाऱ्या घरात हे जास्त जाणवतं. मुलांच्या डब्याला द्यायचा असेल तर चरबी न घालता केलेला खिमाच बरा, आणि डबा भरताना दोन चमचे गरम पाणी मिसळा, दुपारपर्यंत पास्ता ते पितोच.

बड्याचं घरात चालत नसेल तर बकऱ्याच्या खिम्याला हीच वेळ ठेवा. चिकन खिमा घेतलात तर मसूर आधी वेगळा शिजवून घ्या, चिकनला प्रेशर नको, परतून सात-आठ मिनिटं पुरतात.

पैसे आणि गॅस दोन्ही वाचवायचे असतील तर एकदम अर्धा किलो खिमा दुप्पट मसुराबरोबर टोमॅटोच्या टप्प्यापर्यंत करून ठेवा. कुकरमध्ये पाणी दुप्पट करू नका, ४०० मिलि पुरे. त्यातला निम्मा भाग बाजूला काढा आणि तो निवला की डब्यात भरून फ्रीझरमध्ये, महिनाभर चांगला राहतो. पुढच्या वेळी तोच उकळून पास्ता टाकला की वीस-पंचवीस मिनिटांत जेवण तयार. पास्ता घातलेलं मात्र गोठवू नका, वितळल्यावर त्याचा भुगा होतो. ते उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दर वाटीला दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, झाकून, बारीक आचेवर चांगली वाफ येईपर्यंत गरम करा.