तिसऱ्या ड्रॉपआधी मुलीशी बोला

प्रश्न : माझी मुलगी दोनदा नीटला बसली, यंदा ४३० गुण मिळाले. मेंदूवर संशोधन करायचंय म्हणते. त्यासाठी आधी एमबीबीएस लागणारच, म्हणून तिला तिसऱ्यांदा ड्रॉप घ्यायला सांगितलंय. हल्ली ती घरात कुणाशी बोलत नाही, जेवणाचं ताटही खोलीत नेते, पण त्यामुळे अभ्यासात खंड पडत नाही. एक संस्था पैसे घेऊन विद्यार्थ्याच्या नावाने शोधनिबंध छापून देते. पुढे नाव व्हावं म्हणून आताच एक छापून घ्यावा का? – एक पालक, कराड

उत्तर : मुलीने बोलणं सोडलंय आणि तुम्ही ते अभ्यासाच्या जमेला धरलंय. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मला भीती वाटली. एवढी मोठी मुलगी घरात असून एकटी जेवते, ही ४३० गुणांपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे. दोन वर्षं तिने तुमचं ऐकलं. तिसऱ्या वर्षाबद्दल तिला काय वाटतं, याविषयी पत्रात एक अक्षर नाही. तुम्ही विचारलंच नसावं, असं मला वाटतं.

आज तिच्याजवळ बसा आणि परीक्षेचा विषय काढू नका. तिला झोप लागते का, जेवण जातं का, एकटी रडते का, हे तुम्हाला आणि तिच्या आईला माहीत हवं. खचलेली वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला कचरू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता एमबीबीएसबद्दल. मेंदूच्या संशोधनासाठी डॉक्टर असावंच लागतं, हा निव्वळ गैरसमज आहे. मेंदूशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर मूळच्या इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या. केंब्रिजला गणित शिकायला गेल्या आणि मानसशास्त्राकडे वळल्या. १९५२ मध्ये कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पीएचडी मिळवली, तीही मानसशास्त्रातच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया केली. हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आत खोलवर असलेला भाग, तो दोन्ही बाजूंनी बराचसा काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्याला नवीन काहीच लक्षात राहीना. मिल्नर माँट्रियलहून त्याला तपासायला जात, आणि दर वेळी त्या त्याला अनोळखीच असत. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध आला आणि नव्या आठवणींसाठी हिप्पोकॅम्पस लागतो, हे जगासमोर आलं. पुढे मिल्नर यांनी हेन्रीला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात बसला, पण आपण हे आधी केलंय याची त्याला आठवणच नव्हती! म्हणजे प्रसंग लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि हाताला वळण लावणारी वेगळी. इतकी मोठी गोष्ट कागद, पेन्सिल, आरसा आणि अफाट चिकाटी यांतून कळली.

आणि नाव होण्याचं म्हणाल, तर मिल्नर यांच्या विद्यार्थिनी सूझन कॉर्किन यांनी पुढे अनेक दशकं हेन्रीचा अभ्यास केला. हिप्पोकॅम्पसवरच काम करणाऱ्या जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. मेंदूविज्ञानातल्या कामासाठीचं २०१४ चं कावली पारितोषिक मिळालेल्यांत मिल्नर आणि ओकीफ दोघंही होते. दुसऱ्यांना पुढचं काम करता यावं, असं काही आपल्या कामात असलं की नाव होतं. विकत छापलेल्या निबंधात तसं काही नसतं. ती सरळ फसवणूक आहे आणि तिच्यावर नाव मुलीचं राहील. त्या संस्थेला एक रुपयाही देऊ नका.

मार्ग थोडक्यात : आयसर आणि नायसर या विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्था, त्यांतल्या आयसरसाठी आयएटी आणि नायसरसाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा, नाहीतर बीएस्सी किंवा मानसशास्त्राची पदवी आणि मग मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र किंवा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर). आयसरला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते. ती आजच तपासा, कारण तिसऱ्या ड्रॉपमध्ये हे दार बंद होऊ शकतं.

क्लासची फी भरण्याआधी तिचं म्हणणं ऐका. तिला मला लिहावंसं वाटलं तर जरूर लिहू दे. फक्त ते पत्र तुम्ही आधी वाचायला मागू नका.