परसदारचे प्रश्न : समुद्राकाठची वाडी, कमी खर्चात

गेल्या अंकात वाडीबद्दलचे प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत, ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी निवडलीयत. बऱ्याच जणांनी कुठलं खत विकत आणू असं विचारलंय आणि माझं उत्तर जवळजवळ सगळीकडे एकाच ठिकाणी येतंय, आधी पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, जाळणं बंद करा. ते परत परत वाचायला लागेल, पण खरंच सगळं तिथूनच सुरू होतं.

प्रश्न : ताई, आमची श्रीवर्धनला छोटी वाडी आहे. निसर्ग वादळात पोफळी (सुपारीची झाडं) जवळजवळ सगळ्या आडव्या झाल्या, नारळ थोडे उभे राहिले. परत रोठ्याची, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीची, रोपं लावलीयत पण ती धरायला वेळ आहे. सासरे म्हणतात फक्त सुपारीच ठेवायची, मला वाटतं मध्ये आणखी काही लावावं. फार पैसे घालता येणार नाहीत. – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : सासऱ्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, श्रीवर्धनच्या रोठ्याला नाव आहे आणि त्यांनी आयुष्यभर त्यावरच घर चालवलंय. पण ३ जून २०२० ला तुमच्याच किनाऱ्यावर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, आणि लगेच पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, ती एका दुपारी पडली की मधली सगळी वर्षं घरात काहीच येत नाही. म्हणून सासऱ्यांना असं सांगा की सुपारीचं एकही झाड कमी करायचं नाहीये, फक्त तिच्या मधली आणि खालची जागा रिकामी ठेवायची नाहीये.

पहिली लावा केळ. राजेळी, वेलची जी घरच्यांना आवडते ती, मुनवे (केळीच्या बुडाशी फुटलेली पिल्लं) शेजाऱ्यांकडून मागून आणा, विकत घ्यायची गरजच नाही. पोफळीच्या कोवळ्या रोपांना दुपारनंतरचं ऊन सोसत नाही, नैऋत्येच्या बाजूने खोड भाजतं आणि तिथूनच पुढे झाड कमकुवत होतं, तर त्या बाजूला केळ असली की रोपाला सावली मिळते, घड येतो आणि घड काढल्यावर खांब तिथेच चिरून आळ्यात टाकायचा, त्यात पाणी आणि पोटॅश दोन्ही भरपूर असतं. केळीखाली हळद, आलं, अळू. हळदीचं बियाणं पहिल्या वर्षी दोन-तीन किलो घेतलंत तरी दुसऱ्या वर्षी वाटायला पुरतं.

नारळ जे उभे आहेत त्यांचं काय करायचं हा खरा पैशाचा भाग आहे. रत्नागिरीजवळ भाट्येला नारळ संशोधन केंद्र आहे, दापोली कृषी विद्यापीठाचं, तिथे लाखीबाग म्हणून पद्धत बसवलीय: चार नारळांच्या मधोमध जायफळ, दोन नारळांच्या मध्ये दालचिनी, नारळावर मिरीचे वेल. वेळ काढून एकदा जाऊन बघून या, सासऱ्यांना घेऊनच जा, डोळ्यांनी बघितलं की घरातला अर्धा वाद मिटतो. जायफळ मात्र कलमच घ्या. बियांपासून केलेल्या रोपात निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला पाच-सात वर्षं जातात. कोकमाचंही तसंच, नर झाड वेगळं, मादी वेगळं. दहा मादी झाडांना एक नर पुरतो.

मिरी लावताना वेल झाडाच्या उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून चढवा म्हणजे दुपारचं ऊन थेट लागणार नाही. नव्या पोफळीवर एवढ्यात चढवू नका, ती अजून पेलणार नाही, तोपर्यंत पांगारा किंवा गिरीपुष्पाच्या फांद्या रोवून त्यावर चढवा. गिरीपुष्प तर कुंपणाला सगळीकडून लावाच. पावसाच्या तोंडावर फांद्या रोवायच्या, एक पैसा लागत नाही, आणि वर्षातून दोन-तीनदा छाटून तो पाला आळ्यांमध्ये टाकायचा, त्यात नत्र चांगलं असतं त्यामुळे युरियाची आठवण यायची नाही.

तिकडे गोव्यात फोंड्याच्या बाजूला कुळागरं आहेत त्यात हेच सगळं पिढ्यानपिढ्या चालत आलंय: वर नारळ, खाली पोफळ, मग जायफळ-केळी, जमिनीवर अननस आणि अळू, मधून वाहतं पाणी. पुढच्या वादळात वरचा माळा जायचा तो जाईलही, पण हळद, आलं, कणगरसारखे कंद जमिनीखाली असतात, त्यांना वारा काही करू शकत नाही.

अजून एक, विचारलं नाहीत तरी सांगते. पडलेले नारळाचे बुंधे अजून वाडीत कुजत असतील तर ते हलवा. गेंड्या भुंगा त्यातच वाढतो, आणि मग तुमच्या उरलेल्या नारळाच्या कोंबावर येतो. नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की समजा आला. शेणखताचा ढीगही अधूनमधून उलथा, पांढऱ्या अळ्या दिसतील त्या कोंबड्यांना टाका. वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि रेती अर्धी अर्धी मिसळून भरा, पाव किलो पेंड एका झाडाला पुरते, आणि वर्षातून दोन-तीनदा भरायची.

प्रश्न : आमचं घर अगदी किनाऱ्याला, जमीन म्हणजे निव्वळ पुळण, वाळूच. पाणी घातलं की खाली जातं. पावसाळ्यात खारा वारा येतो आणि सगळ्या झाडांची पानं कडेने करपतात. इथे काही होईल का? – मालवण

उत्तर : होईल, पण क्रम बदलायला लागेल. बहुतेक लोक आधी कलमं आणतात आणि मग ती जळताना बघत बसतात. पुळणीत आधी आडोसा करा, मग जमीन, आणि झाडं सगळ्यात शेवटी.

आडोशाला समुद्राच्या बाजूने उंडी, भेंड, करंज, केवडा. हे सगळे खारा वारा पितात आणि मागच्या झाडांना वाचवतात. सुरू लवकर वाढतो म्हणून लोक तोच लावतात, पण त्याच्या सुयांचा थर पडतो आणि खाली काही उगवत नाही, त्यामुळे नुसता सुरू लावू नका, बाहेरच्या ओळीला असू द्या आणि आतून उंडी-भेंड घ्या. उंडी हळू वाढते पण एकदा वाढली की नातवंडांपर्यंत राहते, पूर्वी तिचं तेल होड्यांना लावायचे, बिया तर किनाऱ्यावर पडलेल्याच मिळतात. ती मोठी होईपर्यंत चुडतांची (विणलेल्या झावळ्यांची) वय, म्हणजे कुंपण, बांधा, माणसाच्या उंचीची, पूर्ण बंद नको, थोडी फट असलेलीच बरी कारण बंद भिंतीवरून वारा उसळून पलीकडे जोरात आदळतो.

जमिनीसाठी तुमच्याकडे फुकटातली सगळ्यात भारी गोष्ट आहे ती म्हणजे सोडणं, नारळ सोलून उरलेली सालं. नारळासाठी एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, तळाला सोडणांचे दोन थर लावा, पोकळ बाजू वर ठेवून, म्हणजे त्यात पाणी साठतं. त्यावर शेणखत, पातेरा, तळ्याचा नाहीतर नदीचा गाळ मिळाला तर तो. सोडणं पाच-सहा वर्षं तरी कुजत राहतात आणि तितकी वर्षं पाणी धरतात, पोटॅशही देतात. मोठ्या झाडांच्या आळ्यातही अशीच पुरा. लोक ही सोडणं चुलीत घालतात किंवा ढीग करून पेटवतात, मला ते बघवत नाही खरंच. आणि चुलीत घातलीतच तर राख तरी टाकू नका, ती आळ्यात घाला, थोडी थोडी.

काय लावायचं: नारळ, चिकू, काजू, शेवगा, रामफळ. चिकू खाऱ्या वाऱ्याला दबत नाही, डहाणू-घोलवडचा सगळा चिकू समुद्राजवळच आहे की. जमिनीवर रताळी पसरवा, त्यांचा वेलच आच्छादन होतो. पाऊस संपला की चवळी, कुळीथ. मऊ भाज्यांसाठी मात्र मडकं पुरा, साधं भाजलेल्या मातीचं, आतून-बाहेरून रंग न दिलेलं, गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर झाकण आणि भोवती चार वेल. दोन-तीन दिवसांनी भरायचं. पुळणीत यापेक्षा स्वस्त ठिबक मला माहीत नाही.

मासे धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका, नारळाला नाहीतर कढीपत्त्याला घाला. डोकी-आतडी असतील तर आळ्यात हातभर खोल पुरा, वर ठेवलीत तर कुत्री आणि मांजरं सगळं उकरतात.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं. बोअर मारू का? – गुहागर

उत्तर : नको. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, खोल गेलात आणि जोरात उपसलंत की खालचं खारं पाणी वर चढतं आणि तुमच्याबरोबर शेजाऱ्याचीही विहीर जाते. पंप लहान ठेवा, एकदम उपसण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं काढा, आणि छपराचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत किंवा विहिरीशेजारी शोषखड्ड्यात सोडा. मे महिन्यात मचूळ पाणी नारळाला चालतं, नारळाला क्लोराईड लागतंच, म्हणून तर जुने लोक खड्ड्यात मीठ घालायचे. भाजीला, आल्याला, मिरीला ते घालू नका, त्यांना साठवलेलं पाणी. आळ्यात पातेऱ्याचा वीतभर थर असेल तर पाणी निम्मंच घालायला लागतं आणि क्षार वर येऊन पांढरे साचत नाहीत. जे साचतील ते आपला जूनचा पाऊस धुऊन नेतो, त्याची फार चिंता नको.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, गावी गणपती आणि मे महिना एवढंच येणं होतं. माकडं काही ठेवत नाहीत. पडीक ठेवायला जीव होत नाही. – मूळ गाव राजापूर तालुका

उत्तर : तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आलीयत. माकडांना फळ दिसलं की संपलं, त्यामुळे फळझाडांचा नाद सध्या सोडा आणि मसाल्याकडे वळा. हळद, आलं, मिरी, दालचिनी यांना ती सहसा हात लावत नाहीत. दालचिनी तर तुमच्यासाठीच आहे, उन्हाळ्यात पहिली दोन वर्षं कोणीतरी पाणी घालायला हवं, शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, मग तीन-चार वर्षांत साल काढता येते आणि तोडलेल्या बुंध्याला परत फुटवे येतात. पानंही घरात मसाल्याला चालतात. सुरण आणि कणगर पावसाळ्याआधी मे मध्ये लावून जा, पाऊस त्यांचं सगळं बघतो, दिवाळीनंतर कोणीतरी एक फेरी मारून काढायची. डुक्कर-साळिंदर असेल तर कंद उकरतील, मग तुमच्याकडे गडगा (दगडी कुंपण) नीट आहे का ते आधी बघा, ढासळला असेल तर मे महिन्यात दगड परत रचून घ्या.

आणि गावी आल्याआल्या अंगण साफ करून पातेरा पेटवायची सवय असते ना, ती यावर्षी सोडा. एका कोपऱ्यात चार खुंट्या, चुडतं बांधून चौकोन करा आणि सगळा त्यात टाका, वर शेण कालवलेलं पाणी. मे मध्ये टाकलेलं पुढच्या मे पर्यंत खत.

प्रश्न : नारळाच्या पानांवर काळी काजळी आलीय, खालून पांढरी गोल गोल नक्षी. औषध कुठलं मारू? – अलिबाग

उत्तर : ही चक्राकार पांढरी माशी, २०१६ ला भारतात दिसली आणि मग किनारपट्टीभर पसरली. रासायनिक औषध मारू नका, अगदी कळकळीने सांगते. तिच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी असते, पानाखाली जी पिल्लं काळी पडलेली दिसतात ती तिनेच मारलेली, औषध मारलंत की आधी ती मरते. काळी पिल्लं दिसत असतील तर झावळी तोडूही नका. काजळीसाठी दहा लिटर पाण्यात शंभरेक ग्रॅम स्टार्च किंवा मैद्याची पातळ खळ करून फवारा, वाळली की पापुद्र्यासारखी काजळी सुटते. जोराचा पाऊस आला की माशी तशीही कमी होते. पिवळे चिकट कागद लावलेत तरी चालतील.

प्रश्न : गाय नाहीये, जीवामृत कसं करायचं? – रेवदंडा

उत्तर : जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, त्यासाठी शेजारून शेण-गोमूत्र आणा, थोडंच लागतं. २० लिटर पाण्याला १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम काळा गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळा, तिसऱ्या दिवशी ओल्या जमिनीत घाला, आठवड्यात संपवा. पण आच्छादन नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मोरीचं पाणी केळीला आणि अळूला वळवलंय का? नसेल तर जीवामृताच्या आधी ते करा.

प्रश्न : पडवळ, कारली, दोडकी लागतात पण आतून किडतात. – दापोली

उत्तर : फळमाशी. किडलेलं फळ बांधावर फेकू नका, बादलीत पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर खोल पुरा. सापळा तुमच्या विद्यापीठाचाच मिळतो, रक्षक नावाचा, पण दुकानात वेलभाज्यांसाठी क्यू-ल्युअर (माशीला ओढणारं आमिष) लावलेला द्या असं नीट सांगून घ्या, आंब्यासाठीचा मिथाईल युजेनॉलवाला या वेलांना उपयोगी नाही. कोवळ्या फळांना वर्तमानपत्राची सुरळी घाला. बी मात्र मांडवावरच्या पहिल्या चांगल्या फळाचं धरा, पिकवून, धुऊन, राखेत घोळवून बाटलीत भरा आणि पुढच्या मृगाला तेच टोचा.