लावणीला मुंबईचे पाहुणे : कृषी सल्ला

प्रश्न : शहापूर तालुक्यात आमची अडीच एकर भातशेती आहे. आसनगाव स्टेशनवरून रिक्षाने येता येतं. मुंबईची माणसं लावणीला यायचं म्हणतात. कर्ज काढून खोल्या बांधू का?

उत्तर : ताई, खोल्यांची घाई नको. पहिले दोन पावसाळे फक्त एक दिवसाच्या सहली घ्या. सकाळच्या कसारा लोकलने आलेला माणूस संध्याकाळी परत जातो. त्याला पलंग नको असतो. स्वच्छ संडास, हातपाय धुवायला पाणी आणि बायकांना कपडे बदलायला आडोसा हवा असतो. पैसा आधी तिथे घाला.

लावणीसाठी दोन-तीन गुंठ्यांचं एकच खाचर पाहुण्यांना राखा, सगळं शेत त्यांच्या हाती देऊ नका. हौसेने लावणारा माणूस रोप खोल खुपसतो आणि खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. २१ ते २५ दिवसांचं रोप, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन काड्या, तीन सेंटीमीटरपेक्षा खोल नाही. हे बांधावरून ओरडून सांगण्यापेक्षा घरातल्या कुणीतरी शेजारी वाकून दाखवावं.

पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवू नका, लेप्टोची, म्हणजे जखमेतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, भीती असते. ओढ्यात तर कुणालाच सोडू नका, कितीही गळ घातली तरी. सर्पदंशावरचं औषध जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं, ते जूनमध्येच विचारून ठेवा.

जेवणात हॉटेलातलं काही करू नका. तांदळाची भाकरी, करटोलीची भाजी, जूनमध्ये कुणी आलं तर शेवळं ही रानभाजी. शेवळांत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घातली नाहीत तर घसा खाजतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! पण पाहुण्याला जरूर सांगा, ते त्याने कधी ऐकलेलं नसतं. स्वयंपाक बचत गटाकडे दिलात तर गावातल्या चार घरांत पैसा जाईल. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र आधी करा.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेती लागते, म्हणजे तुम्ही बसता. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते; सातबारा काढून ठेवा.

आणि आलेल्यांचे फोन नंबर वहीत लिहा. कापणी ठरली की त्यांनाच कळवा. स्वतः लावलेलं खाचर कापायला आलेला माणूस तुमचा तांदूळ घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. पाच-पाच किलोच्या पिशव्या भरून तयार ठेवा.