अट आधी, चित्र मग

प्रिय पोरी,

एकाच कथेच्या चित्राच्या तुझ्या ढीगभर फाइल्स पाहिल्या. ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘खरंच फायनल’. एकात आभाळ जांभळं, दुसऱ्यात केशरी, तिसऱ्यात पावसाळी. आणि खाली प्रश्न, ‘यातलं कुठलं ठेवू?’ मला विचारशील तर एकही नको. हात चांगला आहे हे तुला ठाऊक आहे, मी कशाला सांगू? टॅबलेटवर सगळे रंग आहेत आणि कितीही वेळा मागे फिरता येतं, म्हणून तू काही ठरवतच नाहीस. अट आधी ठरव. चित्र मग.

आमच्या वेळी अट छापखाना घालायचा. मासिक ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर छापायचं, चित्राचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे ठसा व्हायचा. नुसत्या रेघांच्या, म्हणजे लाइन ब्लॉकला करडा रंग माहीत नसतो. शाई लागते किंवा लागत नाही. बारीक ठिपक्यांतून करडा दाखवणाऱ्या हाफटोन ब्लॉकला पैसे जास्त, आणि न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर त्याचा नुसता चिखल. मग संध्याकाळ कशी दाखवायची? दाट तिरक्या रेघा, उजेडाकडे जाताना विरळ. नाहीतर अर्धं पान काळं करून एक खिडकी पांढरी सोडायची. मुखपृष्ठाला दोन शाया मिळायच्या. पिवळीवर निळी चढवली की हिरवा फुकट! पण रजिस्टर, म्हणजे एका शाईवर दुसरीची जुळणी, केसभर हललं तरी दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट दिसायची, म्हणून बहुधा तो हिरवा सोडून एक शाई काळी ठेवून तिची जाड रेघ कडेवर ओढायची. लोक जिला माझी शैली म्हणतात ती रेघ फटी झाकायला आली.

गरिबीचं कौतुक करतोय असं समजू नकोस. मानधन वेळेवर मिळालं असतं तर मला आवडलंच असतं.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे बघ. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाचं भिंतीवरचं चित्र, बायका लिहीत. मशे 1970 च्या दशकात कागदावर, कॅनव्हासवर आले, तेव्हा बाजारात हवे ते रंग होते. त्यांनी पांढरा सोडला नाही. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस. चेहऱ्याला नाकडोळे नाहीत, त्यामुळे सगळा भार कमरेच्या त्या सांध्यावर. तिथला कोन जरा बदलला की माणूस नाचतो, वाकतो, जाळं ओढतो. चेहरा काढायची मुभा घेतली असती तर ती कंबर कोणी एवढी शोधली असती?

पुढे ऑफसेट छपाई आली, चार रंग स्वस्त झाले. मी दोन शायांतच राहिलो. एका संपादकांनी हट्टी म्हणून काम देणं थांबवलं, मग आणखी कामं गेली. घरी त्याची झळ बसली, ते अजून सलतं. बरोबरीचे चार रंगांत गेले आणि नावारूपाला आले. ते तू मला सांगू नकोस. पण त्या वर्षांतली दोन शायांची चित्रं मी आजही कुणाहीसमोर ठेवतो. पोटासाठी चार रंगांत केलेली दोन-तीन आहेत, ती कपाटात तळाशी असतात. हट्टी तर हट्टी.

तुला आता छापखाना अडवणार नाही. अट तुझी तुलाच घालावी लागेल, आणि ती टोचली पाहिजे. तो तुझा लाडका जांभळा आधी काढून टाक. लेयर, म्हणजे चित्राचा थर, एकच ठेव. मागे फिरायचं बटण वापरायचं नाही. रेघ चुकली तर तिच्यातूनच वाट काढ. किती वेळा सांगू, अट आधी!

रविवारपर्यंत एकच चित्र पाठव. काळा आणि दुसरा कुठलाही एक रंग. तिसरा दिसला तर मी फाइल उघडणार नाही.