डॉक्टरांची चूक नाही, पण बसवलेला कृत्रिम खुबाच सदोष निघाला. भरपाई कंपनीकडे मागता येते का?

हो, थेट उत्पादक कंपनीकडे मागता येते. त्यासाठी डॉक्टरांची चूक दाखवावी लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ नुसार रचनेत किंवा निर्मितीत दोष असेल, अथवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. ‘एएसआर’ हा जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला, पण भारतात केंद्राचं ३० लाख ते सुमारे १.२३ कोटी रुपयांचं भरपाईचं सूत्र यायला २०१८ उजाडलं. वेदना सोसणाऱ्यांना इतकं ताटकळत ठेवणं हा मला त्यांच्या माणूसपणाचाच अपमान वाटतो. मात्र कंपनीने सर्जनला धोक्याची रीतसर सूचना दिली असेल, तर ‘सूचनाच नव्हती’ एवढ्यावर दावा टिकणं अवघड (कलम ८७). तक्रारीची मुदत साधारण २ वर्षं असते. इम्प्लांटचं स्टिकर आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.